विश्लेषण : दुखतो खुबा, शेक कमरेला! फिजिओथेरपीचा उपयोग नेमका कुठे आणि किती?

संध्याकाळी सातनंतर नवीन पनवेल, खांदा कॉलनी किंवा कामोठ्यातील एखाद्या फिजिओथेरपी दवाखान्यात डोकावून पाहा. पडदे लावलेल्या तीन-चार खाटा, त्यावर पालथे झोपलेले रुग्ण, कमरेला चिकटवलेल्या पट्ट्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी ‘पीं’ करून थांबणारे मशीन. सीएसएमटीहून लोकलने परतलेली पन्नाशीची बाई असते, निवृत्त शिक्षक असतात, दिवसभर काउंटरमागे उभा राहणारा दुकानदार असतो. दहा सिटिंगचे पैसे आगाऊ भरलेले असतात. ‘शेक घेतला की बरे वाटते, पण दोन दिवसांनी पुन्हा तेच’ ही तक्रारही ठरलेली.

यातल्या काही जणांची कंबर दुखतच नसते. दुखतो तो खुबा. खुब्याच्या अनेक दुखण्यांवर फिजिओथेरपी हा चांगला उपाय आहे, पण त्याचा गुण मशीनमधून येत नाही. तो दुखण्याची जागा नीट ओळखण्यातून, रोजच्या उठण्या-बसण्यातील बदलांतून आणि औषधासारखी मात्रा ठरवून वाढवत नेलेल्या व्यायामातून येतो. रुग्ण मात्र पैसे मोजतो ते बहुतेक वेळा शेकाचेच. यात दोष एकट्या रुग्णाचा नाही आणि एकट्या थेरपिस्टचाही नाही.

खुबा म्हणजे नेमके कुठे?

मराठीत ‘कंबर’ हा शब्द फार ऐसपैस आहे. पाठीच्या खालच्या मणक्यांपासून मांडीच्या वरच्या टोकापर्यंत कुठेही दुखले, तरी आपण ‘कंबर धरली’ म्हणतो. मग कमरेचा एक्स-रे निघतो. चाळिशीनंतर कमरेच्या एक्स-रेमध्ये काही ना काही झीज दिसतेच. ‘मणक्यात गॅप आहे’ हे वाक्य ऐकून रुग्ण घरी येतो आणि उपचारांची गाडी मणक्याच्या रुळावर जाते. खुब्याकडे कोणी पाहतच नाही.

खुब्याचा सांधा हा उखळीतल्या गोळ्यासारखा. मांडीच्या हाडाचा वरचा गोल भाग ओटीपोटाच्या हाडातील खोलगट वाटीत फिरतो. हा सांधा शरीरात खोलवर, जांघेच्या मागे आहे. त्यामुळे खुद्द सांध्याचे दुखणे बहुधा जांघेत जाणवते, तिथून मांडीच्या पुढच्या बाजूने उतरते आणि कधी कधी फक्त गुडघाच दुखतो. गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ, तरी गुडघा दुखतोय, अशा रुग्णाचा खुबा तपासायचा असतो तो यासाठी. कुठे दुखते असे विचारल्यावर असा रुग्ण अनेकदा अंगठा मागे आणि बोटे पुढे करून खुब्याची बाजू पंजात धरून दाखवतो. अनुभवी थेरपिस्टला ही खूण पुरेशी बोलकी वाटते.

सांधा आखडू लागला की पहिली तक्रार दुखण्याची नसते, ती रोजच्या कामांची असते. पंगतीत मांडी घालून बसता येत नाही. पायाची नखे कापताना पाय जवळ येत नाही. रिक्षात बसताना पाय हाताने उचलून आत घ्यावा लागतो. घरचे म्हणतात, वय झाले. वय कारणीभूत असेलही, पण ही लक्षणे खुब्याच्या सांध्याची आहेत, हे कोणीतरी ओळखायला हवे.

दुखणे मांडीच्या बाहेरच्या बाजूला, हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यावर असेल तर मामला वेगळा. त्या कुशीवर झोपता येत नाही, जिना चढताना कळ येते, पँट किंवा सलवार घालताना एका पायावर उभे राहणे नको वाटते. इथे सांधा बहुधा ठीक असतो. तक्रार असते ती नितंबाच्या स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरेची.

तिसरी जागा मागची, नितंबाची. इथे मात्र कमरेवर संशय घेणे बरोबर असते. कळ गुडघ्याच्या खाली उतरत असेल, मुंग्या येत असतील तर मणक्यातील नस दबल्याची शक्यता मोठी. पंचविशी-तिशीतील तरुणाला पहाटे नितंबात दुखून जाग येत असेल, सकाळी बराच वेळ अंग आखडलेले असेल आणि हालचाल केल्यावर मोकळे वाटत असेल, तर तो मणक्याचा संधिवात असू शकतो. त्याने संधिवाततज्ज्ञाकडे जावे. व्यायाम त्यालाही लागतो, पण औषधांच्या जोडीने.

या तिन्ही जागा एकाच माणसात एकाच वेळी दुखू शकतात, हे खरे. म्हणूनच पहिल्या भेटीत थेरपिस्टने तुम्हाला चालवून पाहिले का, एका पायावर उभे केले का, झोपवून पाय आत-बाहेर फिरवून पाहिला का, हे महत्त्वाचे. हे काहीच न करता पट्ट्या लागल्या, तर उपचार अंदाजाने चालले आहेत असे समजायला हरकत नाही.

बाहेरून दुखणारा खुबा आणि हार्बरची लोकल

बाहेरच्या बाजूच्या दुखण्यावर थोडे थांबून बोलायला हवे. चाळिशीनंतरच्या स्त्रियांमध्ये ते बरेच आढळते, त्यावर व्यायामाचा गुण सर्वाधिक येतो आणि तरीही त्याची सर्वाधिक आबाळ होते. पूर्वी याला सरसकट ‘बर्सायटिस’ म्हणत आणि सुजेवर सुई देत. पण बहुतेकांमध्ये मूळ तक्रार कंडरेची असते, हे गेल्या काही वर्षांत स्पष्ट झाले आहे.

या कंडरेला सर्वात जास्त त्रास दाबला जाण्याचा होतो. मांडी शरीराच्या मधल्या रेषेकडे झुकली की बाहेरचा पट्टा ताणला जातो आणि कंडरा त्या पट्ट्याच्या आणि हाडाच्या मध्ये चिरडते. आता पनवेलकराचा दिवस आठवा. पनवेल हे हार्बरचे सुरुवातीचे स्थानक असल्याने सकाळी बसायला मिळते. संध्याकाळी परतताना मात्र कुर्ल्याला चढलेल्याने सीट मिळण्याची आशा न केलेलीच बरी. जवळपास तासभर एका पायावर भार टाकून, कंबर एका बाजूला सोडून उभे राहायचे. मिळालीच तर ‘चौथी सीट’, म्हणजे एक नितंब बाकावर आणि दुसरा वाटेत. घरी येऊन सोफ्यावर पायावर पाय टाकून टीव्ही. घरात लहान मूल असेल तर ते कडेवर, तेही कायम एकाच कडेवर. रात्री कुशीवर झोपताना वरचा गुडघा पुढे गादीवर टेकलेला. दिवसाचे चोवीस तास कंडरा या ना त्या प्रकारे दाबली जात असते आणि तिला उतारा म्हणून आपण पंधरा मिनिटांचा शेक देतो.

या दुखण्यावर एक चांगली चाचणी ऑस्ट्रेलियात झाली. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१८ साली ती प्रसिद्ध झाली. बाहेरच्या बाजूने खुबा दुखणाऱ्या २०४ जणांचे तीन गट केले. पहिल्याला फिजिओथेरपिस्टने दुखण्याची समज आणि व्यायाम दिला, दुसऱ्याला स्टेरॉइडचे इंजेक्शन, तिसऱ्याला फक्त धीर आणि वाट पाहण्याचा सल्ला. आठ आठवड्यांनी पहिल्या गटातील सुमारे ७७ टक्के लोकांनी आपण बरेच सुधारलो असे सांगितले. इंजेक्शनच्या गटात हे प्रमाण ५८ टक्के होते, तर तिसऱ्या गटात २९ टक्के. वर्षानंतरही व्यायामाचा गट पुढेच होता, सुमारे ७९ टक्क्यांवर.

त्या गटाला आठ आठवड्यांत १४ भेटी होत्या. आपल्याकडच्या दहा सिटिंगच्या पॅकेजपेक्षा हे फार वेगळे नाही. फरक भेटीत काय होते, याचा आहे. तिथे रुग्णाला कसे उभे राहायचे, कसे झोपायचे, काय टाळायचे हे शिकवले गेले आणि व्यायामाचा भार टप्प्याटप्प्याने वाढवला गेला. घरी रोज करायचा व्यायाम होताच.

आपल्या संदर्भात त्याचा अर्थ असा. गाडीत दोन्ही पायांवर सारखा भार द्यावा, पाय थोडे फाकवून उभे राहावे. पायावर पाय टाकणे काही महिने बंद. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये जाड उशी घ्यावी. बाहेरचा भाग ताणण्याचे व्यायाम यूट्यूबवर भरपूर आहेत, पण ताण दिल्याने कंडरा आणखी दाबली जाते, म्हणून ते सोडावेत. ताणल्यावर क्षणभर छान वाटते, हीच त्यातली फसगत. करायचा असतो तो ताकदीचा व्यायाम. उताणे झोपून गुडघे वाकवून नितंब उचलणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे, मग आधार धरून एका पायावर तोल, मग पायरी. व्यायाम करताना थोडे दुखले तर चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले असेल तर मात्रा जास्त झाली, ती कमी करायची. थांबवायची नाही.

मग मशीनने बरे का वाटते?

हा प्रश्न टाळून चालणार नाही, कारण बरे वाटते हे खोटे नाही. याचे एक उत्तर २०१४ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आलेल्या, ऑस्ट्रेलियातच झालेल्या एका अभ्यासात आहे. खुब्याच्या सांध्याची झीज झालेल्या १०२ जणांपैकी निम्म्यांना १२ आठवड्यांत दहा भेटींमध्ये खरी फिजिओथेरपी दिली. उरलेल्यांना बंद ठेवलेले अल्ट्रासाऊंड मशीन फिरवले आणि साधे जेल चोळले. निकाल अडचणीचा होता. दोन्ही गटांचे दुखणे कमी झाले आणि खऱ्या उपचाराच्या गटाचे जास्त कमी झाले असे काही दिसले नाही.

बंद मशीननेही बरे वाटते. कोणीतरी नीट विचारपूस करते, हात लावते, आठवड्याला भेटते, याचाच तो गुण. मशीनवर टीका करणाऱ्यांना हा अभ्यास आवडेल, पण त्याची दुसरी धार व्यायामाच्या पुरस्कर्त्यांनाही लागते. झिजलेल्या सांध्यावर आपला उपचार जादू करतो, असे कोणीच छातीठोकपणे म्हणू नये. मी हा लेख फिजिओथेरपीच्या बाजूने लिहितो आहे, म्हणून तर हे सांगणे जास्त गरजेचे आहे.

तरीही व्यायाम आणि मशीन यांना एका पारड्यात तोलता येत नाही. व्यायामाच्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर खुब्याच्या झिजेत दुखणे शंभराच्या मोजपट्टीवर साधारण आठ गुणांनी कमी होते, असे कॉक्रेन समूहाच्या २०१४ च्या आढाव्यात दिसले. फायदा लहान, पण खरा. शिवाय पायातील ताकद, तोल, साखर आणि रक्तदाब यांना होणारा लाभ वेगळाच. मशीनचा असा कोणताही जोडलाभ नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ मध्ये सांध्यांच्या झिजेसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत व्यायामाला मध्यवर्ती स्थान दिले आणि अल्ट्रासाऊंड, टेन्स, इंटरफेरेन्शियल यांसारखे विजेवर चालणारे उपचार देऊ नयेत, असे स्पष्ट म्हटले. आपल्या अनेक दवाखान्यांत याच तीन नावांचे फलक दर्शनी भागात असतात.

थेरपिस्टची बाजूही ऐकायला हवी. गाळ्याचे भाडे, मशीनचा हप्ता आणि समोर बसलेला रुग्ण, ज्याला व्यायाम सांगितला की तो म्हणतो, ‘व्यायाम तर मी घरीच करेन, त्याचे पैसे कसले?’ एका खोलीत तीन मशीनवर तीन रुग्ण एका वेळी होतात. व्यायाम शिकवायचा तर एका रुग्णाला अर्धा तास द्यावा लागतो. शिकवण्याचे मोल आपण मानत नाही, तोवर पट्ट्या चिकटतच राहणार.

सांधा झिजला असेल तर?

चालताना प्रत्येक पावलाला क्षणभर सगळे शरीर एका पायावर असते. तेव्हा नितंबाचे स्नायू ओटीपोट तोलून धरतात आणि त्यांच्या ओढीमुळे खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. या एका गणितातून बऱ्याच गोष्टी निघतात. वजन चार किलो उतरले तर खुब्यावरचा भार दहा-बारा किलोंनी हलका होतो. स्नायू कमजोर झाले की माणूस लंगडतो. आणि काठी दुखणाऱ्या बाजूच्या हातात धरायची नसते, विरुद्ध हातात धरायची असते. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. उलट भाजीची पिशवी दुखऱ्या बाजूच्याच हातात घेतली तर त्या खुब्यावरचा ताण कमी होतो. ऐकायला विचित्र वाटते, पण तराजूचा नियम आहे. वडाळे तलावाच्या काठी सकाळी फिरणाऱ्यांत चुकीच्या हातात काठी धरलेली आजोबामंडळी दिसतात. दोन मिनिटांचा सल्ला, फुकट, आणि तो त्यांना कोणी दिलेला नसतो.

झिजलेली कूर्चा व्यायामाने परत येत नाही. दुखणे आटोक्यात ठेवणे, चालणे चालू ठेवणे, शस्त्रक्रिया लांबवणे किंवा तिच्यासाठी शरीर तयार करणे, एवढेच व्यायामाकडून मागावे. डेन्मार्कमधील एका चाचणीचा निकाल २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. खुब्याची तीव्र झीज झालेल्या, पन्नाशीपुढच्या १०९ जणांपैकी काहींचा सांधा बदलला, काहींना वजनांसह ताकदीचा व्यायाम दिला. ४८ गुणांच्या प्रश्नावलीत सहा महिन्यांनी सांधा बदललेल्यांची सुधारणा सरासरी सुमारे १६ गुणांची होती आणि व्यायामाच्या गटाची सुमारे साडेचार.

थोडक्यात, सांधा पूर्ण झिजला असेल, रात्रीची झोप उडाली असेल, घरातल्या घरात चालणे मुश्कील झाले असेल, तर ‘अजून वीस सिटिंग घेऊ’ हा सल्ला रुग्णाचा वेळ आणि पैसा दोन्ही खातो. चांगला फिजिओथेरपिस्ट अशा वेळी स्वतःच अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवतो. शस्त्रक्रियेनंतर तो पुन्हा लागतोच, बहुधा दुसऱ्याच दिवसापासून.

याची उलट बाजूही आहे. प्रबळगड, कलावंतीणच्या वाटा तुडवणाऱ्या किंवा मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या तरुणांचा खुबा दुखला की लगेच एमआरआय होतो आणि वाटीच्या कडेची गादी फाटल्याचे अहवालात येते. घाबरून जाऊ नये. खुबा कधीच न दुखलेल्या ४५ जणांचे एमआरआय अमेरिकेत काढले, तेव्हा त्यातील ६९ टक्क्यांमध्ये अशी फाट दिसली होती. हा अभ्यास २०१२ चा. अहवालातील फाट आणि तुमचे दुखणे यांचा संबंध असतोच असे नाही. आधी तीन महिने भार कमी करून, ताकद वाढवून पाहणे शहाणपणाचे.

फिजिओथेरपीच्या आधी डॉक्टर कधी?

करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी तीन रुग्णांची नोंद २०२१ साली ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये प्रसिद्ध केली. तिघेही चाळिशीच्या आतले. करोनाच्या उपचारात स्टेरॉइड दिले गेले होते आणि सरासरी दोन महिन्यांत खुबा दुखू लागला. मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरत होते. डॉक्टरी भाषेत अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, रुग्णांच्या भाषेत ‘एव्हीएन’.

करोना मागे पडला, पण स्टेरॉइड गेले नाहीत. दमा, त्वचाविकार, संधिवात यांसाठी ते लागतात. काही भोंदू पुड्यांत आणि व्यायामशाळेतल्या इंजेक्शनांतही असतात. दारू हे दुसरे मोठे कारण. सिकल सेल असलेल्यांनाही हा धोका असतो. एव्हीएनच्या सुरुवातीला साधा एक्स-रे स्वच्छ येतो, खरे चित्र एमआरआयमध्ये दिसते. याच काळात पकडले तर सांधा वाचवण्याची संधी असते. म्हणून पंचविशी ते पन्नाशीतील माणसाला जांघेत दुखू लागले आणि गेल्या दोन-तीन वर्षांत स्टेरॉइड घेतलेले असेल किंवा दारूचे प्रमाण मोठे असेल, तर आधी अस्थिरोगतज्ज्ञ, मग बाकी सगळे.

पडल्यानंतर वृद्धाला पायावर उभेच राहता येत नसेल तर मालिश, हाडवैद्य, शेक काही नको. थेट रुग्णालय. ताप, वजन घटणे, रात्री विश्रांतीतही न थांबणारे दुखणे, पूर्वीचा कर्करोग किंवा क्षय यांपैकी काहीही असेल तर तपासणी आधी. क्षय खुब्यातही होतो, हे आपल्या देशात विसरून चालत नाही. लहान मूल लंगडत असेल आणि गुडघा दुखतो म्हणत असेल तर त्याचा खुबा त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावा.

शस्त्रक्रियेला पैसे आहेत, व्यायामाला नाहीत

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातील कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि खुब्याचा सांधा बदलणे तिच्या यादीत आहे. ही मोठीच गोष्ट. पण त्या बाईला, जिची कंडरा दोन महिन्यांच्या देखरेखीखालच्या व्यायामाने बरी होऊ शकते, सरकारी योजना किंवा नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी सहसा एक रुपयाही देत नाही. कारण ती दाखल झालेली नसते. बाह्यरुग्ण उपचार बहुतेक पॉलिसींत बसत नाहीत. एका सिटिंगचे ४०० रुपये धरले तर १४ भेटींचे ५,६०० होतात, वर रिक्षा. महिना पंधरा-वीस हजारांवर घर चालवणाऱ्या कुटुंबात घरच्या बाईच्या खुब्यासाठी हे पैसे सहज निघत नाहीत. ती वेदनाशामक गोळी घेते, आणि पोट नाही तर मूत्रपिंड बिघडवून घेते.

सरकारी सोय अगदीच नाही असे नाही. ज्येष्ठांच्या आरोग्यासाठी २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत फिजिओथेरपीची तरतूद आहे. पण रायगडचे जिल्हा रुग्णालय अलिबागला. जांघेत कळ येणाऱ्या पनवेलकराने पेण, वडखळमार्गे एसटीचे धक्के खात आठवड्यातून दोनदा तिथे जावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. जवळचा पर्याय महाविद्यालयांचा. कामोठ्यात एमजीएमचे, नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणाचे फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात खर्च सहसा कमी पडतो आणि विद्यार्थी शिकत असल्यामुळे तपासणीला वेळही दिला जातो. रांग लागते, पण ती सोसावी.

देशातील फिजिओथेरपीचे शिक्षण १९५० च्या दशकात मुंबईतच सुरू झाले, केईएम रुग्णालयात, पोलिओच्या पार्श्वभूमीवर. हाजीअलीची पुनर्वसन संस्था १९५५ ची. सत्तर वर्षांनंतर या क्षेत्राबद्दल गाजलेली बातमी कोणती, तर सप्टेंबर २०२५ मधील ‘डॉ.’ लावण्याचा वाद. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओथेरपिस्टनी ही उपाधी लावू नये असे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतले. नावापुढे काय लावायचे यावर जेवढी शाई खर्च झाली, त्याच्या दशांशानेही खाटेवर काय दिले जाते यावर झाली नाही. रुग्णाच्या दृष्टीने उपयोगाची चौकशी वेगळी आहे. थेरपिस्टकडे पदवी आणि राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेची नोंदणी आहे का, एवढे पाहावे. दोन आठवड्यांचा मसाज कोर्स करून पाटी लावणारे याच रस्त्यावर बसलेले असतात.

पनवेल महापालिका २०१६ मध्ये झाली. तिची नागरी आरोग्य केंद्रे आहेत, तिथे लसीकरण होते, रक्तदाब-मधुमेह तपासला जातो. अशा केंद्रात आठवड्यातून दोन दिवस एक फिजिओथेरपिस्ट बसवायला एमआरआय लागत नाही, की शेकाची मशीनही. एक खोली, चार हात नसलेल्या खुर्च्या, लाकडी पायरी, काही रबरी पट्टे आणि भिंतीला एक आधाराची दांडी. सहा-सात बायका एकत्र व्यायाम करतील, एकमेकींना टोकतील आणि गट जमला की सातत्यही टिकेल. महाविद्यालये शेजारी आहेत, इंटर्न आहेत. मागणी करणारा नगरसेवक तेवढा हवा, आणि मागणी त्याच्या कानावर घालणारे मतदार.

तोपर्यंत ज्याला दवाखान्यात जायचेच आहे, त्याने पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे : माझे दुखणे सांध्याचे, कंडरेचे की मणक्याचे? घरी कोणता व्यायाम, किती वेळा आणि तो कधी वाढवायचा? सहा ते आठ आठवड्यांत फरक पडला नाही तर पुढे काय? उत्तर म्हणून फक्त सिटिंगचा आकडा मिळाला तर आगाऊ पैसे भरू नयेत.